औरस पुत्र असताना घेतलेले दत्तक

बडोद्याच्या मराठी माणसाला ‘दत्तक’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. येथील विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते महाराज सयाजीराव जन्माने नाशिककडच्या कवळाणे गावातील काशीराव गायकवाडांचे पुत्र गोपाळराव. बडोद्याचे पूर्वीचे महाराज खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी त्यांना विधिपूर्वक दत्तक घेतले आणि १६ जूनला बारा वर्षांचा तो मुलगा गादीवर बसला. खंडेराव १८७० मध्ये पुत्राविना वारले होते, त्यांच्यामागून आलेल्या मल्हाररावांना इंग्रजांनी पदच्युत केले होते, आणि गादी रिकामी होती. म्हणून वारस शोधावा लागला. दत्तक म्हटले की हा ‘म्हणून’ आपल्या मनात आपोआप येतो. घरात मूल नाही, पिंड द्यायला कोणी नाही, इस्टेट परक्याच्या हाती जाईल, अशी काहीतरी उणीव असल्याखेरीज दत्तविधानाचा विषय निघत नाही.

त्यामुळे मराठी बायबलमध्ये, पहिल्या शतकातील ख्रिस्ती प्रचारक पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात, ‘दत्तकपणाचा आत्मा’ हे शब्द भेटले की वाचक अडखळतो. दांडिया बाजारातील एका वयस्कर बाईंनी मला सरळच विचारले होते की, तुमच्या देवाला काय कमी पडले होते म्हणून त्याने दत्तक घेतले? मी तेव्हा जे उत्तर दिले ते फार बरे नव्हते. प्रश्न मात्र अगदी नेमका होता, कारण ख्रिस्ती श्रद्धेतील ‘कृपा’ या शब्दाचा सगळा अर्थ त्या एका ‘म्हणून’पाशी येऊन थांबतो.

पौलाने वापरलेला मूळ ग्रीक शब्द ‘हुइओथेसिया’ असा आहे. ‘हुइओस’ म्हणजे पुत्र आणि ‘थेसिस’ म्हणजे स्थापना, अर्थात पुत्र म्हणून स्थापन करणे. संपूर्ण नव्या करारात हा शब्द पाचच वेळा येतो: रोमकरांस पत्रात तीनदा, गलतीकरांस पत्रात एकदा आणि इफिसकरांस पत्रात एकदा. (इफिसकरांस पत्र पौलाच्या एखाद्या शिष्याने लिहिले असावे असे काही अभ्यासक मानतात, आपल्या विषयाला त्याने फरक पडत नाही.) मोशेच्या नियमशास्त्रात दत्तकाचा स्वतंत्र कायदा नाही. देवाने इस्राएल राष्ट्राला ‘माझा ज्येष्ठ पुत्र’ म्हटल्याचे निर्गमच्या पुस्तकात आहे, आणि पौलाच्या मनात तीही पार्श्वभूमी होतीच. तथापि त्याचे वाचक रोमन सत्तेखाली राहणारे होते आणि दत्तक म्हणजे काय हे ते रोमन कायद्यावरून, आजूबाजूला पाहून ओळखत होते.

रोमन कुटुंबात वडिलांचा अधिकार जवळजवळ अमर्याद होता. मुलगा चाळीस वर्षांचा झाला, मोठ्या पदावर गेला, तरी वडील हयात असेपर्यंत त्याच्या नावावर स्वतःची मालमत्ता नसे. अशा मुलाला दुसऱ्याने दत्तक घ्यायचे तर आधी जन्मदात्याचा अधिकार संपवावा लागे, आणि त्यासाठी एक चमत्कारिक वाटणारा विधी होता. वडिलांनी मुलाला तीनदा विकले तर मुलगा त्यांच्या अधिकारातून सुटतो, अशी तरतूद इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील ‘बारा पट्टिका’ या कायद्यात होती. तिचा आधार घेऊन तीन वेळा लटकी विक्री होई, मग न्यायाधिकाऱ्यापुढे नवा पिता ‘हा माझा मुलगा आहे’ असा दावा करी, जुना पिता गप्प राही, आणि दावा मान्य होई. त्या क्षणापासून मुलाचे नाव, कुळ, कुलदेवतांची सेवा आणि वारसा हे सारे बदले. आपल्याकडे दत्तकाचे गोत्र बदलते तसाच हा प्रकार होता. दत्तक घेतले जाणारे बहुधा तान्हे बाळ नसून कर्ता पुरुष असे, कारण हेतू घराणे चालवण्याचा होता. ज्याच्यावर कोणाचाच अधिकार नाही अशा स्वतंत्र माणसाला दत्तक घेतले, तर जुन्या काटेकोर कायद्याप्रमाणे त्याची पूर्वीची कर्जेसुद्धा बुडत. सावकारांची ओरड झाली म्हणून पुढे न्यायाधिकाऱ्यांनी त्यावर उपाय काढले, हा भाग निराळा.

पौलाने रोमकरांस पत्र लिहिले ते साधारण इसवी सन ५७ च्या सुमारास, आणि त्या वेळी रोमच्या गादीवर जो सम्राट होता तो स्वतःच दत्तक होता. क्लॉडियसने इसवी सन ५० मध्ये आपल्या पत्नीच्या आधीच्या विवाहातील मुलाला दत्तक घेऊन त्याला ‘नीरो’ हे नाव दिले. विशेष असे की क्लॉडियसला ब्रिटानिकस नावाचा स्वतःचा औरस मुलगा होता. उणीव नव्हतीच; राणी अॅग्रिपिनाचे राजकारण होते. हे दत्तक नाते कायद्याने इतके खरे मानले जाई की पुढे नीरोचे लग्न क्लॉडियसच्या मुलीशी, ऑक्टेव्हियाशी लावायचे ठरले तेव्हा ती त्याची बहीण ठरत होती, आणि ही अडचण दूर करण्यासाठी तिला आधी दुसऱ्या घराण्यात दत्तक द्यावे लागले. नीरो सम्राट झाल्यावर काही महिन्यांतच, इसवी सन ५५ मध्ये, ब्रिटानिकस मेजवानीत कोसळून मेला. त्याला विष दिले गेले असे प्राचीन इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. दत्तक आला आणि औरस गेला, ही गोष्ट रोममध्ये राहणाऱ्या, पौलाचे पत्र ऐकणाऱ्या माणसांच्या डोळ्यांपुढे नुकतीच घडलेली होती.

आता पौलाचे म्हणणे पाहावे. त्याच्या मांडणीत देवाला एक औरस पुत्र आहे, येशू ख्रिस्त. घर रिकामे नाही, वंश खुंटलेला नाही, पुढच्या विधींची चिंता नाही. तरीही पिता बाहेरच्या, कर्जात बुडालेल्या आणि दुसऱ्याची गुलामी पत्करलेल्या माणसांना पुत्र म्हणून घरात घेतो, आणि त्यांना घरात आणण्याची किंमत तो औरस पुत्र स्वतः, आपल्या इच्छेने, क्रुसावर मरून देतो. नीरोच्या घरात दत्तकाने औरसाचा वाटा गिळला. येथे औरसच आपल्या वाट्यात दत्तकांना सामील करतो. पौलाचा यासाठीचा शब्द मराठी बायबलमध्ये ‘ख्रिस्ताबरोबर सोबतीचे वारीस’ असा आहे. ऑगस्टीन या चौथ्या-पाचव्या शतकातील आफ्रिकी धर्माचार्याने योहानाच्या शुभवर्तमानावर प्रवचन करताना हाच फरक दाखवला होता: माणसे मूल नसते तेव्हा उतारवयात दत्तक घेतात, आणि एकच मुलगा असला तर सारे त्यालाच मिळेल याचा आनंद मानतात, देवाने मात्र आपला एकुलता एक पुत्र एकटा राहू नये, त्याला भावंडे असावीत म्हणून त्याला जगात पाठवले. दांडिया बाजारातील त्या प्रश्नाचे ख्रिस्ती उत्तर हे आहे की काहीही कमी पडले नव्हते. उणिवेतून घेतलेल्या दत्तकात घेणाऱ्याचाही लाभ असतो. येथे तो नाही, आणि म्हणूनच या कृतीला ‘कृपा’ म्हणतात.

कृपेची व्याख्या पौल मजुरीशी तुलना करून करतो. काम करणाऱ्याला मिळते ते देणे असते, उपकार नसतो. मालकाने ते दिले नाही तर तो बुडव्या ठरेल. याउलट काहीच न कमावलेल्या माणसाला मिळते ते दान असते. देवाच्या घरातील स्थान या दुसऱ्या प्रकारचे आहे, असे तो म्हणतो. गादीच्या दत्तकासाठी मुले पाहिली जातात, कोण चुणचुणीत आहे, कोण कसे उत्तर देतो याची पारख होते. जमनाबाईंसमोरही गोपाळरावांसह तीन भावांना आणले गेले होते, आणि ‘कशासाठी आलात’ या प्रश्नावर गोपाळरावांनी ‘राज्य करायला’ असे ठणकावून सांगितल्याची आठवण बडोद्यात अजून कौतुकाने सांगितली जाते. पौलाच्या दत्तकविधीत ही पारख नाही. आपण पापी आणि देवाचे शत्रू होतो तेव्हाच त्याने प्रीती दाखवली, असे त्याच पत्रात पाचव्या अध्यायात आहे.

मग माणसाकडून काहीच नको का? भारतीय वाचकाला हा वाद नवा नाही. दक्षिणेतील श्रीवैष्णवांमध्ये वडगलै संप्रदाय वानराच्या पिल्लाचा दृष्टांत देतो, की आई नेते खरे, पण पिल्लाने तिला घट्ट धरले पाहिजे; तेन्गलै संप्रदाय मांजरीच्या पिल्लाचा दृष्टांत देतो, की आई मानेला धरून उचलते आणि पिल्लू काहीच करत नाही. ख्रिस्ती इतिहासात हेच भांडण पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलागियस यांच्या निमित्ताने झाले. माणूस आपल्या इच्छाशक्तीच्या बळावर देवाची आज्ञा पाळू शकतो असे पेलागियसचे मत होते, आणि कार्थेज येथील ४१८ च्या धर्मसभेने ते नाकारले. पुढे सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक वेगळे झाले तेव्हा कृपा आणि माणसाचा प्रतिसाद यांचे प्रमाण हाच वादाचा गाभा होता. तरीही कॅथलिकांच्या ट्रेंट धर्मसभेने १५४७ मध्ये माणसाच्या नीतिमान ठरण्याची व्याख्या करताना ‘देवाच्या पुत्रांचे दत्तकपण’ हाच शब्दप्रयोग केला, आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी लुथरन (प्रोटेस्टंटांतील एक शाखा) व कॅथलिक मंडळ्यांनी आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून कृपेच्या प्राथमिकतेबद्दल आपली मूलभूत सहमती नोंदवली. दत्तकविधी नेमका कधी घडतो याविषयी कॅथलिक बाप्तिस्म्याकडे बोट दाखवतात, बरेच प्रोटेस्टंट व्यक्तीच्या विश्वासाकडे. बाप्तिस्मा आणि विश्वास दोन्हींना दोन्हीकडे जागा आहे. भर वेगळा आहे.

येथे आपल्याकडचा वाचक आणखी एक शंका काढतो, आणि मला ती सर्वांत वजनदार वाटते. सगळीच माणसे देवाची लेकरे नाहीत का? विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या परंपरेत वाढलेल्या माणसाला ‘दत्तक’ हा शब्द थंड आणि कचेरीतला वाटणे साहजिक आहे. आईला मूल दत्तक घ्यावे लागत नाही. ख्रिस्ती उत्तराला दोन पदर आहेत. निर्मितीच्या अर्थाने सारी माणसे देवाची आहेत हे पौल नाकारत नाही. अथेन्समध्ये भाषण करताना ‘आपण त्याचा वंश आहोत’ ही एका ग्रीक कवीची ओळ त्याने स्वतः मान्यतेने उद्धृत केली. मात्र जन्माचे नाते असूनही मुलगा घर सोडून जाऊ शकतो, आणि माणसाची आजची अवस्था ती आहे, असे ख्रिस्ती विचार मानतो. ‘पाप’ या शब्दाचा येथे अर्थ चुकांची यादी इतका मर्यादित नसून, घरापासून तुटलेपण असा आहे. तुटलेले नाते आठवणीने किंवा मायेने आपोआप सांधत नाही, त्याला हक्काचा, पक्का आधार लागतो. कायद्यातला कोरडा शब्द पौलाने निवडला त्यामागे हे कारण असावे असे मला वाटते. माया आटू शकते, पण नोंदवलेले दत्तक पुसता येत नाही. तसा मायेचा सूरही ख्रिस्ती मराठीत आहेच: नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला गुरू आणि माता या दोन्ही नात्यांनी हाक मारली.

येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात ही सारी मांडणी गोष्टीच्या रूपात आहे. धाकटा मुलगा वाटणी घेऊन जातो, उधळतो, डुकरे राखायची वेळ येते, आणि परतताना मनात एक वाक्य घोकत येतो: मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मोलकऱ्यासारखे ठेवा. बापासमोर उभा राहिल्यावर तो वाक्याचा पहिला भागच बोलतो. ‘मोलकऱ्यासारखे ठेवा’ हे शब्द त्याच्या तोंडून निघतच नाहीत, कारण तेवढ्यात बाप नोकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. अंगठी आणि जोडे ही मुलाची खूण होती. थोरला मात्र दाराबाहेर रुसून उभा राहतो आणि म्हणतो की इतकी वर्षे मी तुमची चाकरी करतो आहे. घरात राहूनही तो स्वतःला चाकरच समजत आला, हे एका शब्दात उघड होते. पौल ज्याला ‘दासपणाचा आत्मा’ म्हणतो तो हा थोरल्याचा स्वभाव आहे. त्याच्या विरुद्ध टोकाला ‘अब्बा’ ही हाक आहे. अब्बा हा अरामी शब्द, येशूच्या घरातल्या भाषेतला, मुलाने बापाला मारायची हाक. ग्रीक पत्रातही पौलाने तो भाषांतर न करता तसाच ठेवला. आपल्याकडे उर्दूच्या वाटेने तो ओळखीचा आहे, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

‘सगळे फुकटच मिळणार असेल तर चांगले वागायचे कशाला,’ असाही आक्षेप असतो, आणि पौलालाही तो ऐकावा लागला होता. त्याचे उत्तर समजायला पुन्हा १८७५ कडे यावे लागेल. गोपाळराव बडोद्यात आले तेव्हा त्यांना फारसे लिहितावाचता येत नव्हते. आधी शिकून लायक व्हा, मग पुत्र म्हणू, असे कोणी म्हटले नाही. विधी झाला, गादी मिळाली, आणि त्यानंतर इंग्रज शिक्षक इलियट यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे अभ्यास सुरू झाला. अभ्यास पुत्र होण्यासाठी नव्हता, पुत्र झाल्यामुळे होता, आणि म्हणून तो टाळताही येत नव्हता. ख्रिस्ती धर्मशास्त्रात पवित्र जीवनाचा क्रम असाच आहे. पित्याची शिस्त हीसुद्धा मुलगेपणाची खूण आहे, असे इब्री लोकांस पत्रात म्हटले आहे.

दत्तकाला मान्यता कोण देते हा प्रश्नही आपल्या मुलखाला चांगला माहीत आहे. झाशीच्या गंगाधररावांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, इंग्रज अधिकाऱ्यांच्या समक्ष एका लहान मुलाला दत्तक घेऊन दामोदरराव हे नाव दिले. धर्मशास्त्राप्रमाणे सारे पूर्ण होते, पण डलहौसीने ते मानले नाही आणि राज्य खालसा केले. राणी ग्वाल्हेरला पडली, आणि दामोदररावांचे पुढचे आयुष्य इंदूरला तुटपुंज्या पेन्शनीवर गेले. घेणाऱ्याने मनापासून घेतले तरी वरची सत्ता मोडू शकते, हे त्या मुलाने भोगले. ख्रिस्ती श्रद्धेत घेणारा आणि सर्वोच्च सत्ता एकच आहे, त्यामुळे दत्तक नाकारणारा तिसरा कोणी उरत नाही. आणि ‘तू मूल आहेस’ अशी साक्ष व मोहोर पवित्र आत्मा स्वतः देतो. हे नाते दत्तक गेलेल्याला स्वतः तोडता येते का यावर मात्र मतभेद आहेत. सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन याच्या परंपरेतील मंडळ्या ‘नाही’ म्हणतात, अठराव्या शतकातील इंग्रज उपदेशक वेस्ली याच्या परंपरेतील मेथडिस्ट ‘होय, विश्वास टाकला तर’ असे म्हणतात. आपला १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा या बाबतीत कॅल्विनच्या बाजूचा दिसतो: त्याच्या कलम १५ नुसार विधिवत झालेले दत्तक दत्तक आईबापांना रद्द करता येत नाही आणि मुलालाही जन्माच्या घरी परतता येत नाही.

त्याच कायद्याने मुलगी दत्तक घेण्याची वाट मोकळी केली. त्याआधी सर्वसाधारण प्रघात मुलग्यांचाच होता. पौलाचा शब्दही ‘पुत्र’ असाच आहे आणि त्यावर आज टीका होते. परंतु ज्या समाजात वारशाचे पूर्ण वजन ‘पुत्र’ या शब्दामागे होते, तेथे गलतीकरांना लिहिताना तो ‘तुम्ही सर्व पुत्र आहात’ म्हणतो, आणि दोनच ओळींनंतर यहूदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री असा भेद नाही असे सांगतो. म्हणजे दासीलाही पुत्राचा वाटा मिळतो, आणि हे वाक्य त्या काळी ऐकणाऱ्या घरमालकांना फारसे सोयीचे नसणार. गंमत अशी की दत्तकावर इतका भर देणाऱ्या ख्रिस्ती समाजासाठी भारतात दत्तकाचा स्वतंत्र कायदा कधी झाला नाही; १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली बहुतेकांना पालकत्वच मिळे, आणि बालन्याय कायद्याचा मार्ग सर्वधर्मीयांना खुला असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले.

शब्दाचा एक काटेकोर उपयोग येथे सांगायला हवा. आठव्या शतकात स्पेनमधील तोलेदोचा धर्माध्यक्ष एलिपांडस याने, ख्रिस्त मानवी स्वरूपात देवाचा दत्तक पुत्र आहे, असे मांडले. ७९४ च्या फ्रांकफुर्ट धर्मसभेने ते अमान्य केले. कारण व्यवहाराचे आहे: ज्याच्यामुळे इतरांना घरात घेतले जाते तो स्वतःच बाहेरून आणलेला असेल, तर इतरांना हक्क कोणाच्या नात्याने मिळणार? म्हणून ख्रिस्त स्वभावाने पुत्र आणि विश्वासणारे कृपेने पुत्र, हा भेद सर्व प्रमुख पंथांनी कायम ठेवला.

उरते ते एक कोडे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पंधराव्या वचनात पौल म्हणतो की दत्तकपणाचा आत्मा मिळालेला आहे, आणि तेविसाव्या वचनात म्हणतो की आपण कण्हत कण्हत दत्तकपणाची, म्हणजे शरीराच्या मुक्तीची, वाट पाहतो. मिळालेल्याची वाट कशी पाहायची? त्याच्या मते नाते आज पूर्ण आहे, पण त्या नात्याचे वतन हाती आलेले नाही. शरीर अजून आजारी पडते, मरते, आणि मृतांच्या पुनरुत्थानाच्या दिवशीच वारसा पुरता ताब्यात येतो. बडोद्याच्या इतिहासात याला समांतर अशी साडेसहा वर्षे आहेत. १६ जून १८७५ पासून महाराज सयाजीरावच होते, त्यात शंकेला जागा नव्हती. कारभार मात्र दिवाण टी. माधवराव पाहत, आणि राज्याची पूर्ण सूत्रे सयाजीरावांच्या हाती दिली गेली ती २८ डिसेंबर १८८१ रोजी.